पावसाच्या गावातला मध्यस्थ

साहेबरावतात्या कॉम्प्युटरवर गेम खेळायला बसण्याआधी डोक्यावर टोपी चढवतात.

पांढरी, कडक इस्त्रीची, लग्नाच्या बैठकीला घालतात ती. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, तात्या इथून परस्पर कुठल्या तरी कार्याला निघालेत. मी हाफ पँटमध्ये होतो. म्हटलं, "कुठं निघालात?" तर माझ्या उघड्या गुडघ्यांकडं बघत म्हणाले, "लोकाच्या घरी चाललोय, जावईबापू. बोडक्यानं जाऊ व्हय?"

हे लोक म्हणजे पडद्यावरच्या, भविष्यातल्या एका शहरातली मंडळी. एकाचा उजवा हात लोखंडी, एकीच्या डोळ्यात दुर्बीण बसवलेली, आणि कोपऱ्यावर चहा विकणारा एक यंत्रमानव, ज्याचं डोकं म्हणजे जवळजवळ किटलीच. पण घर ते घर. तात्या माझ्या खोलीच्या दाराशी चपला सोडतात, टोपी नीट करतात, माझी चाकाची खुर्ची बाजूला सारून स्वयंपाकघरातलं स्टूल ओढतात ("हलत्या खुर्चीवर बसून कंदी सोयरीक जमती का?") आणि मग हुकूम सोडतात, "हं. वाजवा दार."

जावईबापू हे माझं नाव नाही. माझी बायको मनीषा सोयगावची, तात्याही सोयगावचे. त्यामुळं सिडकोतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये ते वरच्या मजल्यावर राहायला आले, त्या दिवसापासून मी नुसता शेजारी उरलो नाही, अख्ख्या गावाचा जावई झालो. या पदाचा फायदा असा की सणाला पहिलं ताट मला मिळतं. तोटा असा की माझा कुठलाही मूर्खपणा संध्याकाळच्या आत सोयगावला पोचतो.

तात्यांची शेती आहे, पण त्यांची ओळख सोयरिकी जमवणारा माणूस म्हणून. कोणाच्या घरात म्हातारी कडक आहे, कोणाचा पोरगा 'दिसायला गाय पर आतून रेडा' आहे, ही सगळी माहिती त्या टोपीखाली. भावाभावांचं फाटलं तरी बोलावणं तात्यांनाच. पुढं मुलाला इथं नोकरी लागली, तात्या आणि काकू शहरात आले, आणि तात्यांचा धंदा बसला. निदान मला तसं वाटायचं. इथली पोरंपोरी मोबाइलवर अंगठा फिरवून लग्नं जमवतात. त्यात टोपीला काय काम?

गेमशी त्यांची गाठ माझ्या नालायकपणामुळं पडली. वाळूजला माझ्या कंपनीला शुक्रवारी सुट्टी असते. मनीषा शाळेत शिकवायला जाते आणि मी, चाळिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप, दुपारी पडदे ओढून गेम खेळतो. तेव्हा मी एक नवा गेम घेतला होता. कुठल्याशा दोघाजणांनीच घरात बसून बनवलेला. त्यामुळं त्यात धावाधाव कमी आणि बोलणं फार. मला सवय धावाधावीची. सुरुवातीलाच मी छत्री घेण्यासाठी स्वतःचा डावा हात विकला. मग कळलं, छत्री उघडायला दोन हात लागतात. त्या रागात किटलीतोंड्या चहावाल्याला गोळी घातली. त्यानंतर वस्तीतलं एक माणूस माझ्याशी बोलेना. जाईल तिथं दारं बंद. मी आपला पावसात, एका हातानं, मिटलेली छत्री धरून उभा.

तेवढ्यात तात्या मनीषाचा डबा परत द्यायला आले आणि पडद्यासमोर थबकले.

"काय झालं?"

"कोणी बोलेना झालंय माझ्याशी."

"काय केलंत?"

"चहावाल्याला मारलं."

तात्यांनी डबा खाली ठेवला. "चहावाल्याला? अहो, मग गावातली खबर कोन सांगनार तुमाला?"

त्यांनी स्टूल ओढलं. "पुसा हे समदं. नवा डाव मांडा."

त्या गेममध्ये आपण असतो एक ठरवाठरवी करून देणारा माणूस. त्या इंग्रजी हुद्द्याला मी 'मध्यस्थ' हा शब्द सांगितला आणि तात्यांची पाठ सरळ झाली. "म्हंजे आपलंच काम की."

तेव्हापासून दर शुक्रवारी आमची विभागणी ठरली. कीबोर्डवरची बाणाची बटणं दाबून माणूस चालवायचा तात्यांनी. माउस धरायचा, इंग्रजी वाचायचं आणि मराठीत सांगायचं मी. दुभाषा म्हणून मी भरवशाचा नव्हतो. अवघड वाक्य आलं की 'बाकी तब्येत बरी आहे' असं ठोकून द्यायचो. त्यामुळं त्या भयाण शहरातले लोक तात्यांना प्रकृतीनं फार चांगले वाटत.

त्या शहरात सदानकदा पाऊस. काळे मनोरे, जांभळे दिवे, आणि धो धो पाणी. बनवणाऱ्यांना त्यातून उदासी दाखवायची असावी. पण नळाला पाणी कधी येईल म्हणून ड्रम मांडून बसणाऱ्या आमच्या भागात ती उदासी काही पोचेना. तात्या हळहळत. "काय मानसं हाईत! एवढं पानी वाहून चाललंय, एकानं तरी पन्हळ लावून टाकीत घ्यावं का नाय?" गेमचं नाव लांबलचक आणि इंग्रजी होतं. तात्यांनी त्याला 'पावसाचं गाव' म्हणायला सुरुवात केली आणि मीही तेच म्हणू लागलो.

खेळण्याची त्यांची रीत ठरलेली. कोणाच्याही घरी गेलं की मुद्द्याचं काढायचं नाही. आधी तब्येत, मग पाऊसपाणी, मग चहा. पडद्यावर 'करार कुठे आहे?' असा पर्याय दिसायचा, मी उतावीळपणे तिकडं माउस न्यायचो आणि तात्या माझ्या मनगटावर चापट मारायचे. "घाई कशाची? चहा झाला का?" त्या गेममध्ये चहाचा पर्याय सगळीकडं नव्हताच. तिथं तात्या मला आमच्या स्वयंपाकघरात पाठवायचे. मी खरा चहा आणायचो, तात्या पडद्याकडं बघत तो सावकाश प्यायचे, कप उपडा घालायचे आणि म्हणायचे, "आता काढा विषय." चहा गार झालेला त्यांना चालत नसे. गार चहावर झालेलं बोलणं टिकत नाही म्हणे.

आणि एक नियम. या गेममध्ये, बहुतेक गेममध्ये असते तशी, मागं जाण्याची सोय होती. चूक झाली की एक बटण दाबायचं, आधीच्या मुक्कामावर जायचं आणि पुन्हा नव्यानं वागायचं. मी तर खेळतोच या बटणावर. तात्यांना ते कळलं तेव्हा त्यांना माझी कीव आली. "दिलेला शब्द मागं घ्यायचा? असल्या मानसाला परत बैठकीत कोन बसू देईल?"

असं चाललेलं असताना लिराचं प्रकरण आलं.

लिरा ही व्हिक्टर नावाच्या मेकॅनिकची मुलगी. व्हिक्टर लोकांना लोखंडी हातपाय बसवून देई. तात्या त्याला विक्टरराव म्हणत. पोरीची स्मरणशक्ती अफाट, आणि शहरातल्या सगळ्यात उंच मनोऱ्यातल्या कंपनीला ती हवी होती. कायमची नोकरी, राहायला वर ढगांच्याही वरती घर, बापाला जन्मभर औषधपाणी. बाप तयार. कंपनीचा माणूस नम्र. मध्यस्थानं दोन्हीकडं जाऊन करार जुळवून द्यायचा.

तात्यांच्या डोळ्यांत मी इतकी चमक कधी पाहिली नव्हती. हे तर सरळसरळ स्थळच होतं! ते व्हिक्टररावांकडं तीनदा जाऊन आले. कंपनीच्या माणसाचं घराणं विचारलं. (त्याला घराणं नव्हतं, तो अर्धा यंत्र होता, मी 'खानदानी आहे' असं सांगून मोकळा झालो.) किटलीवाल्याकडून वस्तीतली खबर काढली. शेवटी, मोठा निर्णय चार माणसांत बोलून घ्यावा म्हणून, तात्यांनी हा विषय आमच्या पार्किंगमधल्या बाकावर काढला. त्या दिवशी तिथं पाण्याच्या टँकरविषयी सोसायटीची बैठक भरली होती. टँकर राहिला बाजूला.

"पोरगी कंपनीत द्यावी का नाय, बोला."

"कोणाची पोरगी?" सेक्रेटरींनी घाबरून विचारलं.

"विक्टररावाची."

सेक्रेटरींनी सगळे मजले आठवून पाहिले. तळमजल्यावरचे शेखभाई, एसी दुरुस्त करणारे, तेवढे रंगले. दोन्ही हात झटकत म्हणाले, "तात्या, कंपनी का भरोसा नक्को. और पहले ये बोलो, लडकी क्या बोलरी?"

"पोरगी काय बोलनार?" तात्या म्हणाले. "तिचा बाप बसलाय की समोर. आदी बापाशी बोलायचं असतंय."

पुढच्या शुक्रवारी करार झाला. व्हिक्टररावांनी लोखंडी हातानं मध्यस्थाचा हात धरला. तात्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. मी साखर वाटली, म्हणजे दोघांनीच खाल्ली.

त्यानंतरचा भाग सुरू झाला, तेव्हा गेममध्ये वर्ष उलटलं होतं. लिरा घरी परत आली होती. दुकानाच्या त्याच खिडकीशी उभी. व्हिक्टरराव तिला नावानं हाका मारत होते आणि ती त्यांच्याकडं अनोळखी पाहुण्याकडं बघावं तशी बघत होती. कंपनीनं तिच्या आठवणी काढून घेतल्या होत्या. कामाला त्याच लागत होत्या. बाकीची पोरगी परत पाठवली.

मी वाचत होतो आणि हे 'बाकी तब्येत बरी आहे' म्हणून खपवता येईना.

मी म्हटलं, "काही काळजी नाही तात्या, मागं जाऊ. एक बटण तर दाबायचंय." ते उठले. चपला घालायच्या विसरले. अनवाणीच जिना चढून वर गेले.

पुढचा शुक्रवार आला, तात्या आले नाहीत. त्याच्या पुढचाही तसाच. मी दोन कप चहा करून ठेवायचो आणि दोन्ही मीच प्यायचो. शेवटी त्यांच्या चपला घेऊन वर गेलो. समजूत घालण्यात मी किती हुशार आहे ते मनीषाला विचारा. तिच्या आत्याच्या दहाव्याला मी 'चला, एकदाचं सुटलं सगळं' असं मोठ्यानं म्हटलेला माणूस आहे. इथंही तेच केलं. म्हटलं, "तात्या, किती मनाला लावून घेता? खोटी होती हो ती पोरगी!"

तात्या गॅलरीत बसले होते. मागं वळून न बघता म्हणाले, "ती खोटी व्हती, जावईबापू. पर मी खराच व्हतो ना तिथं?"

मी चपला दाराशी ठेवल्या आणि पाय न वाजवता निघालो. काकूंनी जिन्यात गाठलं. काकू एरवी तात्यांच्या गेमवर तोंडसुख घ्यायच्या, 'म्हाताऱ्याला यंत्राच्या सोयरिकी सुचायल्यात' म्हणायच्या. आज आवाज खाली.

"तुमाला मनीषा बोलली नाय का कंदी? लासूर स्टेशनला ह्यांचा धाकला भाऊ हाय. त्याची पोरगी उज्ज्वला. तिचं स्थळ ह्यांनीच आनलं. मोठी कंपनी, मोठा पगार, लांबचं शहर. ह्यांनी शब्द टाकला आन् भावानं डोळे मिटून पोरगी दिली."

"मग?"

"मग काय. आली माहेरी परत. लई हसरी पोर व्हती हो. आता हे गेले की चहाचा कप ठिवती समोर आन् आत निघून जाती."

"भाऊ भांडला का?"

"भांडला असता तर बरं झालं असतं. कुनी एक शब्द बोललं नाय ह्यांना. आजपातूर नाय." काकूंनी पदर खोचला. "तवापासून ह्यांनी एक बी सोयरीक जमवली नाय. मानसं येत्यात, हे म्हनत्यात, आता मोबाइलवर जमवा. टोपी तर ट्रंकेत गेली व्हती. तुमच्या त्या गेमसाठी काढली भायेर."

मोबाइलनं तात्यांचा धंदा बसवला, असं मी इतके दिवस चारचौघांत सांगत होतो. त्यावर माझा एक विनोदही होता. तो परत कधी केला नाही.

त्यानंतरच्या शुक्रवारी दुपारी दारावर थाप पडली. टोपी घालून तात्या उभे. स्टूल ओढून बसले. पडद्याकडं न बघता, एखादा माणूस मेडिकलमध्ये नको ते औषध मागतो तसे म्हणाले, "ते मागं जायचं बटन कुटं असतंय?"

मी काही न बोलता दाबलं. यात मला यश आलं, कारण तोंडात बिस्कीट होतं.

आम्ही करारापूर्वीच्या मुक्कामावर आलो. तोच पाऊस, तेच दुकान. व्हिक्टरराव ठोकाठोक करत बसलेले, लिरा खिडकीशी. तात्यांनी आपला माणूस आत नेला, सवयीनं व्हिक्टररावांपुढं उभा केला, आणि थांबवला.

"जावईबापू, ह्या पोरीच्या टिकलीला उजेड कशाचा येतोय?"

"कसली टिकली?"

त्यांनी बोट लावून दाखवलं. लिराच्या कपाळावर एक निळा ठिपका होता. मंद उजळायचा, विझायचा, पुन्हा उजळायचा. मला तो नवाच होता. मी स्वतः खेळलो तेव्हा गोळीबारामुळं या घराचं दार माझ्यासाठी उघडलंच नव्हतं, आणि तात्यांबरोबर मी नुसती अक्षरं बघत होतो. मग मी आयुष्यात प्रथमच गेमचं मदतीचं पान उघडलं. मी तर मिक्सरचंही पुस्तक न वाचता मिक्सर जाळलेला आहे. तिथं पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, ज्याला आपणहून काही सांगायचं असतं त्याच्या कपाळावर निळा ठिपका लुकलुकतो.

मी वाचून दाखवलं.

"पैल्यापासून हाय तो?" तात्यांनी विचारलं.

"असणार."

"मी तीनदा आलतो इथं. मला वाटलं टिकली हाय. लोकाच्या पोरीकडं निरखून कसं बघावं, म्हनून..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग त्यांनी आपल्या माणसाला व्हिक्टररावांपासून वळवलं आणि खिडकीपाशी नेलं. एकदोनदा तो टेबलाला अडखळला.

मी लिरावर माउस दाबला. ठिपका विझला. अक्षरं उमटली.

"काय म्हनती?"

या वेळी मी एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. "म्हणतेय, तुम्ही आधीही आला होतात. प्रत्येक वेळी मी इथंच उभी होते."

खाली तीन उत्तरं आली होती. मी ती वाचायला लागलो, तर तात्यांनी हात वर केला. "ऱ्हाऊ द्या." मला वाटलं चहा पाहिजे असेल. मी आत जाऊन तो घेऊन आलो. येऊन बघतो तर तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि फोन कानाला लावला होता. फोनमधून रेल्वेचा भोंगा ऐकू आला. लासूरला भावाचं घर रुळांना लागूनच आहे.

"उज्ज्वला का? मी बोलतोय. मोठे बाबा." तिकडून काहीतरी आलं. "नाय, नाय, त्याला नको बोलवू. बाप घरात नसला तरी चालंल. तुझ्याशीच बोलायचंय."

मी वाट बघत होतो, आता तब्येत निघेल, मग पाऊसपाणी, मग मनमाडच्या गाडीला किती गर्दी असते ते निघेल. तात्या मुद्द्यावर यायला मध्ये एक चहा तर नक्की जाणार. मी कप पुढं सरकवला.

"पोरी, तवा तुला कायतरी सांगायचं व्हतं का गं मला?"

एवढंच बोलले. पुन्हा एक भोंगा वाजून गेला. तिनं फोन ठेवला की काय, असं मला वाटलं. मग अगदी बारीक आवाज सुरू झाला. शब्द मला कळत नव्हते, आणि कळू नयेत म्हणून मी खिडकीतून पार्किंगकडं बघत राहिलो, जिथं शेखभाई कोणाचा तरी एसी उचलून रिक्षात घालत होते. तात्या नुसते "हं" म्हणत होते. "हं." थोड्या वेळानं, "हं, सांग." ज्या माणसाला बैठकीत कोणी कधी गप्प बसलेलं पाहिलं नाही, तो माणूस.

चहावर साय धरली. गार चहा त्यांना चालत नाही, म्हणून मी कप उचलायला गेलो, तर तात्यांनी माझ्याकडं न बघताच माझं मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं.

ऐकता ऐकता ते पुढं वाकले होते, आणि त्यांचं कोपर कीबोर्डवर टेकलं होतं. पडद्यावर आमचा मध्यस्थ खिडकीशेजारच्या भिंतीला लागून जागच्या जागी चालत राहिला होता. चालतोय, चालतोय, कुठं पोचत नाही. त्याच्या पलीकडं लिरा उभी, तिचं वाक्य अजून तसंच. एरवी मी लगेच म्हटलं असतं, तात्या, कोपर काढा.

मी त्याला चालू दिलं.